चिखलाचा माग

चिखलाच्या जागा शोधायला पावसाळ्यात निघू नये, हे समजण्यासाठी मला एक अख्खा पावसाळा खर्ची घालावा लागला. नोकरीनिमित्त सावंतवाडीला राहायला आलो त्या वर्षी मी ठरवले होते की आंबोलीपासून दोडामार्गापर्यंतच्या रानांतील आणि गावशिवारांतील चिखलाच्या जागा हिंडून पाहायच्या आणि त्यांची एक नोंदवही ठेवायची. त्यामागचे कारण साधे होते. रानातली बहुतेक जनावरे रात्री हिंडतात, माणसाची चाहूल लागताच बाजूला होतात आणि वर्षानुवर्षे रानात जाणाऱ्यालाही क्वचितच दिसतात. चिखलावर मात्र ती आपली हजेरी लावून जातात, आणि ती हजेरी सकाळी निवांतपणे वाचता येते. कोरड्या पाचोळ्यावरून पन्नास जनावरे गेली तरी काही कळत नाही, पण हातभर चिखल एका रात्रीचा सगळा हिशेब देतो.

मृगाचा पाऊस सुरू झाल्याबरोबर मी हिंडायला लागलो आणि जुलैअखेरपर्यंत जवळजवळ दर रविवारी रानात गेलो. चिखल सगळीकडे होता, आणि अडचण नेमकी तीच होती. पायवाट, बांध, गुरांची पाणंद, सड्यावरचे म्हणजे कातळमाथ्यावरचे खड्डे, व्हाळाचे म्हणजे ओढ्याचे काठ असे सगळेच रबरबीत झालेले असताना जनावराला एका विशिष्ट जागी येण्याचे काही कारणच उरत नाही. शिवाय आंबोलीसारख्या, महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या जागांमध्ये मोडणाऱ्या ठिकाणी सकाळी उमटलेला ठसा पुढच्या सरीत विरघळून जातो. त्या दोन महिन्यांत माझ्या वहीत गुरांच्या खुरांखेरीज काही आले नाही. जळवा मात्र रोज पायांवर चढत होत्या. जळवांचे मला फारसे वाटले नाही, पण लेप्टोस्पायरोसिसचे वाटायला हवे होते. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून हा आजार पसरतो, त्याचे जंतू पायावरच्या जखमेतून किंवा साध्या खरचटण्यातूनही शरीरात शिरतात, आणि कोकणात भातलावणीच्या दिवसांपासून त्याचे रुग्ण सापडतात. टाचेला भेगा असतानाही मी अनवाणी चिखलात उतरत होतो. आता पायावर जखम असेल तर मी त्या आठवड्यात जात नाही, आणि परतल्यावर तापाची कणकण वाटली तर चिखलात जाऊन आलो आहे हे डॉक्टरांना आधी सांगतो.

खरा शोध हस्ताचा पाऊस ओसरल्यावर सुरू झाला, आणि त्याचे श्रेय आमच्या शेजारच्या काकांना आहे. त्यांनी तरुणपणी या भागात बावी, म्हणजे विहिरी, खणण्याचे काम केले होते. मी नकाशे पसरून बसलो होतो, तेव्हा शेजारी टेकत ते म्हणाले, "पाणी खंय जाता ता बघू नको, खंय थांबता ता बघ." मी तोवर नकाशावर ओढे शोधत होतो आणि ओढ्याच्या काठाने चालत होतो. ओढा म्हणजे वाहणारे पाणी, आणि वाहते पाणी माती धुऊन नेते, त्यामुळे तेथे खडी आणि गोटे उरतात. चिखल व्हायला बारीक माती हवी, पाणी हवे आणि पाण्याला जायला वाट नको. काकांनी ते त्यांच्या भाषेत समजावले. आमच्याकडचा सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. तो वरून कितीही टणक दिसला तरी आतून सच्छिद्र असतो, म्हणून पावसाचे पाणी त्यातून खाली मुरत जाते. जांभ्याखाली शेडी लागते, म्हणजे पांढरट-पिवळसर चिकण थर. त्यातून पाणी पुढे उतरत नाही, आडवे सरकत जाते आणि जेथे सड्याची कड तुटते तेथे पाझर होऊन बाहेर पडते. बाव खणताना शेडी लागली की पाणी कोठे अडले आहे ते कळते, असे काका म्हणाले. सड्याच्या कडेखाली, उताराच्या सुरुवातीला जेथे एखादा सपाट टप्पा असेल, तेथे ते पाझरलेले पाणी मातीत साचून राहते आणि पाऊस थांबून महिने लोटले तरी चिखल ओला राहतो.

एवढे कळल्यावर नकाशा वेगळा दिसू लागला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतात. त्या रेषा दाट असलेल्या ठिकाणी उतार तीव्र असतो, आणि दाट रेषांच्या खाली त्या एकदम विरळ होतात तेथे टप्पा असतो. असे टप्पे मी पेन्सिलीने गोल करून ठेवले. याच नकाशांवर पावसाळ्यापुरते वाहणारे ओहोळ काळ्या रेषेने आणि बारमाही पाणी निळ्या रंगाने दाखवलेले असते. काळी रेघ मध्येच एखाद्या ठिकाणी निळी होत असेल तर त्या बिंदूच्या आसपास जमिनीतून पाणी येत असण्याची शक्यता मोठी असते. दुसरा उपाय म्हणजे एप्रिल-मे महिन्यातील उपग्रहचित्रे पाहणे. सगळा सडा करपून तांबूस झालेला असताना कडेला एखादा हिरवा ठिपका दिसला तर त्याच्याखाली पाणी आहे असे समजायला हरकत नाही, फक्त ती कुणाची नारळी-पोफळीची बाग नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. मी पहिल्या वेळी न पाहता गेलो आणि एका बागेच्या कुंपणापाशी पोचलो. बागेच्या मालकांनी पाणी दिले आणि खरी जागा कोठे आहे तेही सांगितले.

गावांची आणि वाड्यांची नावेही मी चाळून पाहिली, पण त्यांवर फार विसंबून राहू नये असे माझे मत झाले. चिखली नावाची गावे महाराष्ट्रात जागोजागी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या नावात खरोखर चिखल असेलही, परंतु चिखलदऱ्याच्या नावाचा संबंध लोक कीचकाशी जोडतात, चिखलाशी नव्हे. त्यापेक्षा गुराख्याला विचारावे. म्हैस वैशाखात कोठे लोळायला जाते, हे ज्याला माहीत आहे त्याच्याइतकी अचूक माहिती कोणत्याही नकाशात नसते.

प्रत्यक्ष जागेवर पोचल्यावर चिखल डोळ्यांना लगेच दिसतो असे नाही. अनेकदा त्यावर गवताची आणि पाल्याची साय धरलेली असते. मी आधी पन्नास-साठ पावले दूर थांबतो आणि झाडोरा पाहतो. कोरड्या उतारावर अचानक लव्हाळ्यांचा पुंजका, रानअळवाची पाने किंवा केवड्याचे बेट दिसले, तर पाणी जवळ आहे. जमिनीलगत ब्राह्मी पसरली असेल तर ते पाणी बराच काळ टिकणारे आहे. चतुर आणि टाचण्या हे पाणकीटक घिरट्या घालत असतील, तुतारी पक्षी शेपटी हलवत फिरत असेल किंवा पायाखालून पाणलावा पक्षी भर्रकन उडाला असेल, तर मग शंका उरत नाही. आणखी एक खूण सांगायला हवी, कारण नवख्याला तिची भीती वाटते. जांभ्याच्या पाझरापाशी साचलेल्या पाण्यावर पुष्कळदा रंगीबेरंगी तवंग दिसतो आणि कोणीतरी तेल ओतले असावे असे वाटते. आमच्या मातीत लोह भरपूर आहे, आणि लोहावर जगणाऱ्या जिवाणूंमुळे हा तवंग तयार होतो. काडीने डिवचल्यावर तो पत्र्यासारखा तडकून त्याचे तुकडे झाले तर तो जिवाणूंचा समजावा. तुकडे न होता पुन्हा एकमेकांत मिसळला तर ते खरोखर तेल असते. पाझराजवळ नारिंगी गाळही साचलेला असतो. अशी जागा मला फार आवडते, कारण तेथील पाणी जमिनीतून येते आहे याचा तो पुरावाच असतो.

पाय घालण्यापूर्वी काठी घालावी, हा नियम काकांनी पहिल्या दिवशीच घालून दिला होता: "आधी काठी, मगे पाय." माझी काठी खांद्याइतकी उंच आहे आणि तिच्यावर घोट्यापाशी, पोटरीच्या मध्यावर आणि गुडघ्यापाशी अशा तीन खुणा कोरलेल्या आहेत. काठी पहिल्या खुणेपर्यंत जाऊन टणक लागली तर निर्धास्त चालावे. दुसऱ्या खुणेपर्यंत गेली तर प्रत्येक पावलाआधी पुन्हा चाचपावे, आणि तिच्याही पुढे गेली तर काठावरूनच पाहावे. रानातल्या पाझराचा चिखल सहसा पोटरीपलीकडे जात नाही, कारण त्याच्या तळाशी शेडी किंवा कातळ असतो. धोका असतो तो धरणाच्या आणि मोठ्या तलावांच्या गाळात. पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत एका जलाशयाचे पाणी मागे हटले होते आणि वरून भेगाळलेला गाळ मला टणक वाटला. चार पावलांनंतर वरचा पापुद्रा फुटला आणि दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत आत गेले. घाबरून पाय ओढू लागलो तसा मी आणखी खाली जात होतो. अशा गाळाचा स्वभाव असा असतो की स्थिर राहिला तर घट्ट असतो आणि ढवळला की पातळ होतो, आणि पाय झटक्याने उपसला की खाली पोकळी होऊन तो उलट ओढला जातो. सोबतच्या मित्राने ओरडून बसायला सांगितले. मी मागे रेलून काठी आडवी टाकली, तिच्यावर अंगाचा भार दिला आणि एकेक पाय थोडा थोडा हलवत राहिलो, म्हणजे पायाभोवती पाणी झिरपून पकड सैल होत गेली. दोन पाय मोकळे करायला वीस मिनिटे लागली आणि एक बूट तेथेच राहिला. त्या दिवसापासून मी जलाशयाच्या गाळावर पाऊल टाकत नाही आणि कोणत्याही चिखलात एकटा जात नाही.

आता ज्या जागेसाठी मी सर्वांत जास्त फेऱ्या केल्या तिच्याविषयी सांगतो. ती नेमकी कोठे आहे हे मी लिहीत नाही, कारण तेथे गर्दी झाली तर जनावरे जागा सोडतील. सड्याच्या कडेखाली, जांभळाच्या आणि करंजाच्या सावलीत साधारण दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा चिखल आहे. डिसेंबरच्या एका सकाळी आम्ही तेथे पोचलो तेव्हा मधोमध एक लांबट खड्डा पडला होता आणि त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. ती सांबराची लोळण होती. वाकून पाहिले तर चिखलात अंगाचे जाडे, राठ केस चिकटलेले होते आणि एका कडेला शिंगाने उकरल्याचे चर होते. शेजारच्या जांभळाच्या खोडावर माझ्या छातीच्या उंचीपर्यंत चिखल फासला होता. चिखलात लोळून उठल्यावर जनावर झाडाला अंग घासते आणि त्याबरोबर अंगावरच्या गोचिडी आणि माश्याही निघतात. खोडावरचा तो चिखल अजून ओलसर आणि गडद होता, वाळून पांढरा पडला नव्हता. खुराच्या ठशात साचलेले पाणी गढूळ होते, म्हणजे गाळ खाली बसायलाही वेळ मिळालेला नव्हता. काका काही न बोलता मागे सरकले आणि त्यांनी मलाही मागे ओढले. जनावर आमच्या चाहुलीनेच उठून गेले होते.

त्याच चिखलावर त्या दिवशी आणखी चार प्रकारचे ठसे होते. रानडुकराच्या ठशात मुख्य खुरांच्या मागे दोन्ही बाजूंना आणखी दोन छोट्या खुणा उमटतात, त्यावरून तो भेकराच्या ठशापासून लगेच वेगळा ओळखता येतो. भेकराचा ठसा लहान आणि टोकदार असतो. गव्याचा खूर रुंद आणि गोलसर असतो, आणि ज्या रानात म्हशी चरतात तेथे तो ओळखताना मी अजूनही चुकतो, म्हणून शेणाचे आणि आसपासच्या वाटांचे निरीक्षण केल्याशिवाय वहीत गवा असे लिहीत नाही. चौथा ठसा काठाकाठाने गेलेल्या बिबट्याचा होता. चार बोटे, मागे तिहेरी कडेची गादी आणि नखांचा मागमूस नाही. कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या ठशात नखे उमटतात, मांजरकुळातील प्राणी मात्र चालताना नखे आत ओढून घेतात. त्या ठशावर जांभळाचे एक पान पडलेले होते आणि पानाखाली ठसा अभंग होता. म्हणजे बिबट्या आधी गेला आणि पान नंतर पडले. अशा छोट्या गोष्टींवरून एका रात्रीचा क्रम लावता येतो, आणि मला या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त आनंद याचाच होतो.

त्या ठशाचा साचा मी घरी आणला. दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी घेऊन, गुठळ्या मोडेपर्यंत ढवळून, ठशाभोवती पुठ्ठ्याची पट्टी वर्तुळासारखी उभी करून मिश्रण हळूहळू कडेने ओतायचे असते. थेट ठशावर ओतले तर बारीक कडा मोडतात. ठशात पाणी असेल तर ते आधी कापसाने टिपून घ्यावे लागते. अर्ध्या तासाने साचा मातीसकट उचलायचा, घासायचा नाही, आणि दोन दिवस वाळल्यावर मऊ ब्रशने साफ करायचा. राखीव वनात किंवा अभयारण्यात मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय असले काही करू नये आणि आत शिरूही नये.

दोडामार्ग तालुक्यात चिखल शोधताना हत्तींचे भान ठेवावे लागते. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती या भागात उतरले आणि तेव्हापासून केळीच्या आणि माडांच्या बागांचे झालेले नुकसान तेथील शेतकऱ्यांनी सोसले आहे. तिलारीच्या बाजूला एका मळ्याच्या कडेला मला हत्तीचा ठसा पहिल्यांदा दिसला तेव्हा ते एखादे परातीएवढे डबकेच वाटले होते. पुढच्या पायाच्या ठशाच्या घेराची दुप्पट म्हणजे हत्तीची खांद्यापाशी उंची, हे मला ठाऊक होते. म्हणून खिशातली सुतळी ठशाच्या कडेने फिरवली आणि घरी येऊन मोजली. ती १२२ सेंटिमीटर भरली, म्हणजे तो हत्ती सुमारे आठ फूट उंच होता. सुतळी गुंडाळत असतानाच मळ्याच्या मालकांनी आम्हांला परत जायला सांगितले, आणि ते योग्यच होते. हत्तीचा ताजा ठसा दिसला की तेथे थांबू नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाझर आटत येतात आणि चिखलाचा एकेक तळहाताएवढा तुकडा उरतो, तेव्हा फुलपाखरे येतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेली राणी पाकोळी मी सर्वप्रथम अशाच चिखलावर बसलेली पाहिली. सोंड जमिनीत खुपसून ती इतकी स्वस्थ बसते की हातभर अंतरावर जाऊन पालथे पडले तरी उडत नाही. मधात साखर असते पण क्षार फारसे नसतात, ते फुलपाखरांना ओल्या मातीतून मिळवावे लागतात. चिखलावर जमतात ते बहुतांशी नर असतात आणि त्यांनी साठवलेले क्षार मीलनाच्या वेळी मादीकडे आणि पुढे अंड्यांकडे जातात. ज्या ठिकाणी गुरांचे किंवा रानजनावरांचे मूत्र पडलेले असते तेथे गर्दी सर्वांत जास्त असते.

शोधाच्या दुसऱ्या वर्षी मी दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्ड्याला गेलो. रानजायफळांची ती दलदल राज्य सरकारने २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली आहे. देवाच्या राईत आणि तिच्या परिसरात शिरण्यापूर्वी गावात विचारावे, ही या भागातील रीत आहे. आम्हांला घेऊन जाणाऱ्या आजोबांनी वाटेवर चपला काढायला सांगितल्या. आत उन्हाचा कवडसा क्वचितच पडत होता. झाडांच्या खोडापासून टेकूसारखी मुळे उतरली होती आणि जागोजागी मुळांची वेटोळी चिखलातून वर येऊन पुन्हा आत गेली होती. सतत पाण्याने भरलेल्या मातीत हवा नसते, म्हणून मुळांना श्वासासाठी असे वर यावे लागते. या झाडांचे बी वाळले की रुजत नाही, त्याला पडल्या पडल्या ओल मिळावी लागते, म्हणजे हा चिखल सुकला तर राईची पुढची पिढी उभी राहणार नाही. तोवर मी प्रत्येक चिखलात काठी घालून खोली पाहिली होती. तेथे काठी मी हातातच धरून ठेवली. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर जायफळाचे एक फळ उकलून पडले होते, त्यातील बियेवरची लालभडक जायपत्री चिखलात अर्धी रुतली होती, आणि तिच्या शेजारून एक लहान खेकडा तिरपा तिरपा चालत जाऊन मुळाच्या वेटोळ्याखाली शिरला.